नव्यास नकार : विवेक की आसक्ती?

एखादे नवे यंत्र वा औषध मनुष्य नाकारतो, तेव्हा त्या नकाराच्या मुळाशी धर्मविचार आहे की केवळ सवय, हे नीतिशास्त्राला एकट्याने उलगडत नाही. आसक्ती बहुधा तत्त्वाचेच वस्त्र पांघरून येते. म्हणून येथे मानसशास्त्राचे साह्य घ्यावे लागते.

जॅक क्नेच या अर्थशास्त्रज्ञाने इ. स. १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या दृष्टीने उद्बोधक आहे. विद्यार्थ्यांच्या एका गटास कॉफीचा पेला दिला, दुसऱ्यास चॉकलेट; अदलाबदलीची मुभा ठेवली. दोन्ही गटांतील सुमारे ९० टक्के विद्यार्थ्यांनी हाती आलेलीच वस्तू ठेवली. ज्यांना आरंभीच निवड करू दिली, त्यांपैकी मात्र ५६ टक्क्यांनी पेला व उरलेल्यांनी चॉकलेट घेतले. म्हणजे वस्तूचा गुण नव्हे, तर ती आधी हाती असणे हेच अनेकांच्या निर्णयाचे कारण ठरले!

निक बॉस्ट्रॉम व टोबी ऑर्ड या तत्त्वचिंतकांनी इ. स. २००६ मध्ये यावर एक 'उलट-कसोटी' सुचविली. औषधाने बुद्धी वाढविणे ज्यास अनिष्ट वाटते, त्यास विचारावे, ती थोडी घटली तर इष्ट होईल काय? तेही नको असेल, तर आजचे प्रमाणच सर्वोत्तम का, हे सांगण्याचा भार त्याच्यावर येतो. तथापि धोका, अन्याय, बदलाची किंमत अशी सबळ कारणे देता आली, तर तो नकार कसोटीस उतरतो.

सकळ लिपीची उकल विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे आदींच्या प्रयत्नांनी झाली आणि पोथी गुप्त राखावी की छापावी, हा प्रश्न तीव्र झाला. वाचक वाढू नयेत म्हणणाऱ्यास आहेत तेही घटावेत असे वाटते काय? वाटत नसेल आणि 'असेच चालत आले' एवढेच उत्तर असेल, तर ती आसक्ती होय. 'अनधिकाऱ्याच्या हाती शास्त्र पडू नये' हे उत्तर मात्र खरे कारण आहे. पण मग ते हस्तलिखितासही तितकेच लागू करावे लागते, आणि तेथे ते नेहमी लागू केले जाते काय, हे ज्याचे त्याने पाहावे.

एक हानी मात्र या कसोटीत मावत नाही. पोथी उतरवून घेताना साधकाचे चित्त अक्षराअक्षरावर थांबे. छापखान्यात ते थांबणे उरले नाही, भ्रमणध्वनीवर तर पोथीचे छायाचित्र क्षणात पुढे जाते.