अर्घ्य आणि ऋण
(रथसप्तमीनिमित्त निरूपण)



माघ शुद्ध सप्तमीस आपण अंगणात सूर्याचा रथ रेखतो, गोवऱ्यांच्या विस्तवावर दूध उतू जाऊ देतो आणि उगवत्या भास्करास अर्घ्य देतो. अर्घ्य म्हणजे ओंजळभर पाणी. ज्याने सागराचे जल मेघरूपाने आपल्या दारी आणले, त्याचेच त्याला परत द्यावयाचे. देणाऱ्याचे स्वतःचे असे त्यात काहीच नसते. घेतल्याची जाणीव तेवढी त्याची असते. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात यज्ञचक्राचा जो विचार आला आहे, त्याचेही मर्म हेच की, नुसते घेणाऱ्याच्या भोगास चोरीचा दोष लागतो.

या दृष्टीने ओंजळीतील पाण्याकडेच पाहू. आपल्या इंदूरचे पाणी बहुतांशी नर्मदामाईचे. परंतु माई आपण होऊन माळव्याच्या पठारावर चढत नाही. मंडलेश्वरजवळच्या जलूद गावापासून सुमारे 70 किलोमीटरांची वाट आणि सुमारे 400 मीटरांचा चढ पंपांनी ओलांडावा लागतो. हजार लिटर पाणी एवढे उंच चढविण्यास, यंत्राची तूट न धरताही, एक युनिटाहून अधिक वीज लागते. आपल्या प्रांतातील विजेचा मोठा भाग अद्याप कोळशापासून होतो. त्या कोळशाचे मोठे आगर म्हणजे सिंगरौली. 1962 साली पूर्ण झालेल्या रिहंद धरणाने तेथील खेडी उठविली. मागाहून खाणी आणि वीजकेंद्रे आली, तेव्हा त्यांतील कित्येक कुटुंबांस पुन्हा उठावे लागले. आपल्या नळाला पाणी यावे म्हणून ज्यांची चूल दोनदा विझली, त्यांचे ऋण आपल्या कोणत्या वहीत मांडले आहे?

सज्जनहो, हे ऋण हलके करण्याचा एक मार्ग आपल्या नगरपालिकेने दाखविला. फेब्रुवारी 2023 मध्ये इंदूर महानगरपालिकेने हरित रोखे काढून 244 कोटी रुपये उभारले. जलूद येथे 60 मेगावॉटचे सौर केंद्र उभारून पाणी उपसण्याच्या विजेचा भार उचलावा, हा त्यामागील हेतू. व्याज 8.25 टक्के ठेवले होते आणि सामान्य गृहस्थासही रोखे घेता येत होते. मागितलेल्या रकमेहून पुष्कळ अधिक रकमेचे अर्ज आले.

यात समजून घेण्याजोगी गोष्ट अशी की, सौर केंद्राचा बहुतेक खर्च आरंभीच करावा लागतो. पुढे इंधनास दाम नाही. कोळशाचे तसे नाही. तो जाळावा तितका रोज विकत घ्यावा लागतो. म्हणून येथे खरी वाण असते ती धीराच्या पैशाची. कोणी म्हणेल, व्याज घेऊन पैसा दिला, यात धर्म कोणता? हे दान नव्हे, हे खरेच. परंतु गृहस्थ आपली पुंजी कोणत्या कामी लावतो, हाही धर्माचाच प्रश्न आहे. ज्या महेश्वरी पुण्यश्लोक अहिल्याबाईंनी राज्य केले, तेथून जलूद दूर नाही. त्यांनी बांधलेले घाट आणि विहिरी हे पुढच्या पिढ्यांसाठी वेचलेले धनच होते.

आता घरापुरते पाहू. केंद्र सरकारने 2024 साली प्रधानमंत्री सूर्यघर योजना आरंभिली. छपरावरील संचाच्या पहिल्या दोन किलोवॉटांस प्रत्येकी 30,000 आणि तिसऱ्यास 18,000, असे कमाल 78,000 रुपये साहाय्य तीत ठरविले. उरलेला भार आपल्याला सोसावयाचा असतो. तेथेच घोडे अडते. गच्ची सामाईक असेल, तर वरच्या मजल्याला गळतीचे भय आणि खालच्याला आपल्या वाट्याची शंका. या शंकांना हसू नये. हिशेब उघडा मांडावा, लाभ वाटून घ्यावा, म्हणजे मने आपोआप वळतात. सूर्य मावळतो, हेही विसरून चालावयाचे नाही. साठवण किंवा अन्य वीज रात्री लागणारच; म्हणून उपसा, दळण, धुणे ही कामे होता होईल तो दिवसा उरकावीत.

दुसरी बाजूही सांगणे प्राप्त आहे. जैसलमेरच्या वाळवंटात देवीच्या नावाने राखलेली राने आहेत. त्यांना ओरण म्हणतात. आपल्याकडील देवराईच ती. तेथे फांदी तोडणे निषिद्ध, पण गुरांना चारा आणि पाखरांना आसरा मुक्त. देगराय मातेच्या ओरणातून सौर विजेच्या तारा जाऊ लागल्या, तेव्हा गावकऱ्यांनी विरोध केला. 18 डिसेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा ओरणांची मोजणी करून त्यांना वनाचे संरक्षण द्यावे, असे राजस्थान सरकारास फर्माविले. या गावकऱ्यांस प्रगतीचे वैरी म्हणणे अन्यायाचे होईल. सूर्याच्या नावाने देवीचे रान मोडले आणि गुराख्यास न विचारता त्याचे गायरान घेतले, तर सिंगरौलीचाच दोष नव्या वेषात परत येतो. ज्याच्या भूमीवर यज्ञ मांडावयाचा, त्याची संमती हा त्या यज्ञाचा पहिला संकल्प होय, आणि हविर्भागातही त्याचा वाटा असलाच पाहिजे.

तेव्हा मंदिराच्या गच्चीचा प्रश्न उद्या सभासदांपुढे आला, तर किती वाचेल एवढेच विचारू नका; कोणाचे ऋण फिटेल आणि कोणावर नवे चढेल, हेही विचारा. विजेचे बिल उतरले म्हणून दिवे अधिक जाळण्याचा मोह आवरा, आणि जे वाचेल त्यातील काही भाग ज्याच्या घरी दिवा नाही त्याच्याकडे वळवा. अशी बुद्धी श्रीसूर्यनारायण आपणां सर्वांस देवो, हीच त्याच्या चरणी प्रार्थना.

॥ शुभं भवतु ॥