जुन्या चहाचे मोल

किंमत आणि मोल हे दोन शब्द आपण व्यवहारात सरमिसळ वापरतो, आणि त्यामुळे सहसा काही अडत नाही. मिठाची किंमत व मिठाचे मोल यांत केवढेही अंतर असले तरी त्याचा विचार करीत कोणी बसत नाही. परंतु काही वस्तू अशा असतात की त्यांच्यापुढे हे दोन शब्द एकमेकांपासून फुटून निघतात. चीनच्या नैर्ऋत्येकडील युन्नान प्रांतात होणारा पुएर नावाचा चहा ही अशीच एक वस्तू होय. त्याची साधी नवी चकती मध्यम स्थितीच्या कुटुंबासही परवडते. तोच चहा तीस-चाळीस वर्षे मुरलेला व नामांकित घराण्याचा असला की त्याची किंमत लाखांत सांगितली जाते. हाँगकाँग-सिंगापुराकडे नोकरी-व्यापारानिमित्त राहिलेल्या आपल्या मंडळींनी दुकानांच्या काचेआड या चकत्या पाहिल्या असतील. इतके द्रव्य एका पेयासाठी मोजावे काय, हा प्रश्न वरवर चैनीचा वाटतो. परंतु दुसऱ्याने घालविलेला काळ आपल्याला विकत घेता येतो काय आणि घेतल्यास त्याचा न्याय्य दर कोणता, असे त्याचे खरे रूप आहे. आणि या रूपात तो आपणा सर्वांचाच आहे.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. झाड आपल्या आसामी चहाच्याच जातीचे. रुंद पानांच्या या पोटजातीला वनस्पतिशास्त्रज्ञांनी नावदेखील आसामचेच दिले आहे. खुडलेले पान थोडे मलूल होऊ द्यायचे, कढईत परतायचे, मळायचे आणि उन्हात वाळवायचे. काळ्या चहाप्रमाणे ते पुरते आंबवीत नाहीत, आणि हिरव्या चहाप्रमाणे उष्णतेने त्यातील जिवंतपणा पार मारूनही टाकीत नाहीत. मग त्याला वाफ देऊन दगडाखाली दाबले की ३५७ ग्रॅमची चकती तयार होते. अशा सात चकत्या एकावर एक रचून बांबूच्या वेष्टनात बांधतात. कागदात गुंडाळलेल्या या चकतीत सूक्ष्म जीवांचे आणि हवेचे काम पुढे कित्येक वर्षे संथपणे चालू राहते. आरंभी पिवळसर, कडू आणि जीभ आवळणारा असा काढा वीस-तीस वर्षांनी तांबूस तपकिरी होतो. तुरटपणा निवतो, जुन्या लाकडाचा, क्वचित कापराचा गंध येतो, आणि घोट घेतल्यावर कंठात मागाहून गोडी उमटते. जुने तांदूळ, जुना गूळ आणि पुराणघृत यांचा मान राखणाऱ्या आपल्या समाजाला याचे नवल वाटू नये. मात्र वाईट पान केवळ जुने झाले म्हणून चांगले होत नाही. आणि ओलाव्यात टाकलेल्या चकतीवर बुरशी चढते. आषाढात पापड सादळताना पाहणाऱ्या आपल्या किनाऱ्यावरील लोकांस हे निराळे सांगावयास नको.

आता गंमत अशी की, ज्या चकत्यांना आज रत्नांचा भाव आला आहे त्यांतील पुष्कळशा कोणी तपश्चर्येने मुरवल्या नव्हत्या. हाँगकाँगच्या चहागृहांत खाण्याबरोबर पुएर हा रोजचा, स्वस्तातला चहा म्हणून दिला जाई. त्यासाठी वखारींत साठा करून ठेवीत, आणि जो खपला नाही तो उरला. पुढे तैवानमधील रसिकांचे तिकडे लक्ष गेले. १९९५ साली तंग श-हाय यांचे पुएरवरील पुस्तक प्रसिद्ध झाले आणि जुन्या घराण्यांची नावे लोकांच्या तोंडी बसली. १९९७ च्या सत्तांतराच्या सुमारास जुने साठे बाहेर पडले. गरिबाच्या पेल्यातील चहा धनिकाच्या कपाटात गेला. पाने तीच होती.

यावरून ही सारी किंमत भ्रमाचीच आहे असे कोणी म्हणेल, तर तेही घाईचे होईल. आपला वाणी जुने तांदूळ नव्यापेक्षा चढ्या दराने देतो, तेव्हा आपण त्याला लुटारू म्हणत नाही. त्याने जागा अडकवली, भांडवल गुंतवले, किडीचे नुकसान सोसले. हाच हिशेब चहाला लावून पाहावा. दरसाल शेकडा ८ चक्रवाढीने ३० वर्षांत मुद्दल सुमारे दहापट होते. तेव्हा तीस वर्षे नीट सांभाळलेल्या चकतीला त्याच प्रतीच्या नव्या चकतीच्या दहापट किंमत मागितली, तर त्यात अन्याय नाही. वखारीचे भाडे आणि वाया गेलेला माल धरून आणखी थोडे अधिकही देता येईल. मागणी शंभरपटीची असेल तर मात्र वरची नव्वदपट कशाची, असे विचारण्याचा अधिकार गिऱ्हाइकाला पोचतो. तिचे उत्तर बहुतेक वेळा दुर्मिळता आणि नाव हेच असते.

नावाची साक्ष कोण देणार? बाहेरचा कागद आणि चकतीत दाबून बसवलेली लहानशी चिठ्ठी. कागद छापणे ही काही कठीण विद्या नव्हे. आकड्यांनीही नवशिका फसतो. मेंगहाय कारखान्याचा ७५४२ हा चहा प्रसिद्ध आहे. त्यातील ७५ हा आकडा त्या मिश्रणाची कृती १९७५ ची एवढेच सांगतो. ४ हा पानाच्या प्रतीचा आणि २ हा कारखान्याचा अंक. चकती दाबली गेली ते साल यात कोठेच नाही. ते जाणण्यासाठी कागदाचा पोत, शिक्क्याचा रंग, विकणाऱ्याचा लौकिक यांवर विसंबावे लागते. म्हणजे नव्वदपट रक्कम आपण ज्या गोष्टीसाठी देतो, तिची साक्ष आपली जीभ देऊ शकत नाही.

येथे एक सूक्ष्म शंका निघते. १९७३ साली कुनमिंगच्या कारखान्यात एक नवी रीत सिद्ध झाली. पानांचा ढीग ओला करून झाकून ठेवायचा, आतल्या उष्णतेने ते मुरू द्यायचे, मधूनमधून उलथायचे. दीड-दोन महिन्यांत जुन्यासारखा काळसर, मऊ चहा तयार होतो. जाणत्यांना फरक कळतो, हे खरे. परंतु समजा, उद्या ही रीत इतकी सुधारली की मुळीच फरक कळेना, तर तीस वर्षांच्या चकतीला अधिक दाम देणे मूर्खपणाचे ठरेल काय? माझे उत्तर असे की, सर्वस्वी ठरणार नाही. आजीच्या हातची पैठणी आणि कालची पैठणी एकाच विणीची असली तरी आपल्याला त्या एक वाटत नाहीत. जाणीव हाही रसाचा भाग आहे. परंतु ही जाणीव खरी असली पाहिजे. खोट्या चकतीपुढे हात जोडणाऱ्याच्या जिभेला कदाचित सुख मिळेलही. त्याची कृतज्ञता मात्र भलत्याच पत्त्यावर जाते. यास्तव ज्याची खातरी करता येत नाही अशा काळाला दाम देऊ नये, आणि जुन्यापैकी पाच-दहा ग्रॅम प्रथम विकत घेऊन, दुसऱ्या स्वस्त चहाशेजारी, नाव झाकून चाखावा. ज्याला या परीक्षेची भीती वाटते तो चहा घेत नसून दुसरेच काही घेत आहे.

आसामच्या सिंगफो लोकांचे उदाहरण मला या बाबतीत फार बोलके वाटते. तेही पान भाजतात, उन्हात वाळवतात, आणि बांबूच्या नळीत ठासून चुलीवरच्या धुरात टांगून ठेवतात. त्यांचा हा फालाप वर्षानुवर्षे टिकतो. नळीतून बाहेर काढलेल्या दांड्याचे काप करून उकळतात. झाड त्याच कुळातले, धीरही त्याच प्रकारचा. पण त्याच्या भोवती पुस्तके, शिक्के आणि लिलाव उभे राहिले नाहीत, म्हणून त्याला लाखाचा भाव नाही. त्याचे मोल कमी आहे असे म्हणण्याचे धाडस मी तरी करणार नाही.

ज्याच्या कष्टाने पान आले त्याच्या पदरात काय पडते, हेही तपासले पाहिजे. जुन्या चकतीचे पान ज्याने खुडले त्याला त्या काळच्या सरकारी खरेदीचा ठरीव दर मिळाला. आजच्या लाखांतील एक कवडीही त्याच्या घरी जात नाही, ती सर्व साठेदाराची. नव्या चहाचे तसे नाही. जिंगमाय डोंगरावर ब्लांग आणि ताय लोकांनी जंगलाच्या सावलीत चहाची झाडे पिढ्यान्‌पिढ्या राखली. २०२३ साली युनेस्कोने त्या भूमीचा जागतिक वारशात समावेश केला. एके काळी अशी जुनी झाडे उत्पन्न कमी म्हणून छाटून टाकीत; भाव आल्यावर ती जपली जाऊ लागली. अर्थात लोभाने जुन्या झाडांची पाने ओरबाडली जाण्याचे भयही त्याच भावाने आणले. तरीसुद्धा चढे दाम द्यायचेच असेल, तर ते चांगल्या नव्या पानाला देण्यात अधिक न्याय आहे असे मला वाटते.

भर्तृहरीने नीतिशतकात धनाच्या दान, भोग आणि नाश अशा तीन गती सांगितल्या आहेत. २००७ साली युन्नानात या तिसऱ्या गतीचे दर्शन घडले. काही वर्षे पुएरचा भाव चढतच होता. लोक पिण्यासाठी न घेता चढ्या भावाने विकण्यासाठी घेऊ लागले, तेही बारा बांबू-वेष्टनांची, म्हणजे ८४ चकत्यांची सबंध पेटी. या बाजारात न उघडलेल्या पेटीला भाव अधिक, उघडली की कमी! ज्या पदार्थाचे सार्थक प्यायला जाण्यात, त्याला हात लावला की त्याची किंमत उतरावी, ही स्थिती कोणाही विचारी माणसाला अस्वस्थ करणारी आहे. त्या वर्षी वसंत ऋतूनंतर बाजार कोसळला. सटोडियांचे एक वेळ असो. ज्यांनी आपली शिल्लक चहात घातली होती अशी साधी माणसेही त्यात बुडाली.

पिणाऱ्याचा हिशेब याहून पुष्कळ सोपा आहे. एका बैठकीला ७ ग्रॅम पान पुरते, आणि त्यावर दहा-बारा वेळा पाणी ओतून तीन-चार माणसे पिऊ शकतात. ३५७ ग्रॅमच्या चकतीत अशा ५१ बैठका होतात. चकतीला १०,२०० रुपये पडले तर एका बैठकीला २०० रुपये. चार स्नेह्यांत ते कोणालाही जड वाटू नयेत. १,०२,००० पडले तर बैठकीला २,०००. तेव्हा यजमानाने आपल्या मनाला विचारावे की, चहा ओतताना लक्ष समोरच्या माणसाकडे राहील की सांडणाऱ्या थेंबाकडे. लक्ष थेंबाकडे जाणार असेल, तर तो चहा त्याच्या ऐपतीबाहेरचा आहे, मग पेढीवर शिल्लक कितीही असो. घरातील मुलांचे शिक्षण, आजारपण, देणी ही आधीची. त्यांतून काढलेल्या पैशाचा चहा कितीही मुरलेला असला तरी तो येथे विचारातच घेण्याजोगा नाही.

या व्यापारात एक म्हण चालते, ती अशी की चहा आजोबाने करावा आणि नातवाने विकावा. त्यांनी ‘विकावा’ म्हटले आहे, ‘प्यावा’ नव्हे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. ज्याला काळाचीच गोडी आहे त्याला आणखी एक वाट मोकळी आहे. बऱ्या प्रतीच्या, खात्रीच्या नव्या कच्च्या चकत्या दोन-तीन घ्याव्यात. उदबत्ती, कापूर, मसाले यांच्यापासून दूर, उन्हाच्या आड, पावसाळ्यात विशेष जपून ठेवाव्यात. एक दर दोन-तीन वर्षांनी थोडी फोडून चाखावी, म्हणजे कडूपणा कसा उतरतो ते कळत जाईल. कागदावर खरेदीचे साल आपल्या हाताने शाईने लिहावे. तीस वर्षांनी ती चकती फोडणाराला, मग तो आपला नातू असो की शेजारी, ते अक्षर ओळखीचे असेल.