अर्धी खते कान्होबांची



गेल्या वर्षी आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या एका गावी सप्ताहाला गेलो होतो. काल्याचे कीर्तन झाले, प्रसाद वाटून झाला, आणि एक माळकरी हळूच जवळ येऊन बसले. चुलतभावाबरोबर त्यांची मिरचीची पथारी होती. ओली लाल मिरची बाजारातून घ्यायची, मैदानावर पसरून वाळवायची, देठ खुडून माल पुढे द्यायचा. ऐन वाळवणीत अवकाळी पाऊस आला. माल भिजला, काळा पडला, भाव गेला. ज्यांना उधार दिला होता त्यांनी हात वर केले. मजुरांची दोन आठवड्यांची मजुरी अडकली. मग भावाभावांत शब्दाला शब्द लागला. दोघे एकाच दिंडीत चालणारे. सप्ताहात एकमेकांच्या पाया पडत होते आणि बाजारात तोंड फिरवत होते.

त्यांनी विचारले, "बुवा, तुकोबारायांनी खते इंद्रायणीत बुडवली. मीही उधारीची वही तापीत सोडून मोकळा होऊ का? भाऊ ऐकत नाही. म्हणतो, वही माझीही आहे."

मला लगेच उत्तर देता आले नाही. तुम्हाला तरी आले असते का?

तुकोबांना दुकान काय असते हे ठाऊक होते. देहूत त्यांच्या घरी महाजनकी होती, व्यापार होता. थोरले बंधू सावजी विरक्त झाले आणि कोवळ्या वयात घराचा भार तुकोबांवर आला. आईवडील गेले. 1630 च्या सुमाराचा मोठा दुष्काळ पडला. दिवाळे निघाले, पहिली पत्नी अन्नावाचून गेली. व्यवहार मोडल्याची लाज त्यांनी आपल्या अभंगांत लपवलेली नाही. म्हणून देणेकऱ्याचे तोंड कसे सुकते हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

आता खतांचा प्रसंग नीट आठवा. चरित्रकार सांगतात, तुकोबांनी धाकट्या कान्होबांबरोबर खतांच्या वाटण्या केल्या. अर्धी खते कान्होबांच्या हाती दिली आणि आपल्या वाट्याची तेवढी इंद्रायणीत बुडवली. बुडवलेली खते आपण कीर्तनात रंगवून सांगतो, वाटलेली खते विसरतो. कान्होबांना संसार करायचा होता. त्यांच्या वाट्यावर तुकोबांनी आपले वैराग्य लादले नाही. दुसऱ्याच्या पैशावर केलेला त्याग हा त्याग नव्हे.

दुसरी गोष्ट त्याहून साधी. तुकोबांनी बुडवली ती लोकांकडून येणे असलेली खते होती. दुसऱ्याचे देणे बुडवून कोणी साधू होत नाही. येणे सोडणे आपल्या हाती आहे. देणे सोडण्याचा अधिकार समोरच्याचा असतो.

इथे मला बायबलमधली एक कथा आठवते. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक म्हणत, तुकोबांच्या पुलावरून मी ख्रिस्तापाशी पोहोचलो. त्या पुलावरून आपणही पलीकडे डोकावून यावे, गळ्यातली माळ काढावी लागत नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 18 व्या अध्यायात येशू एका चाकराची गोष्ट सांगतात. त्याच्यावर राजाचे दहा हजार तालांतांचे कर्ज होते. त्या काळच्या मजुराच्या रोजाने मोजले तर दीड लाखाहून अधिक वर्षांची मजुरी! राजाने दया येऊन सगळे माफ केले. तो चाकर बाहेर पडला आणि शंभर दिनारांसाठी, म्हणजे सुमारे शंभर दिवसांच्या मजुरीसाठी, सोबत्याचा गळा धरून त्याला तुरुंगात घातले. राजाला कळले तेव्हा दिलेली माफी गेली. आपण रोज पांडुरंगापाशी कसली माफी मागतो आणि वहीत कोणाचे नाव लाल शाईने गिरवतो, हे ज्याचे त्याने पाहावे.

त्याच अध्यायात भांडणाचीही रीत सांगितली आहे. भाऊ चुकला तर आधी एकट्याने त्याच्याकडे जा. ऐकले नाही तर एकदोघांना सोबत घे. त्यानंतरच चारचौघांत ने. आपण नेमके उलटे करतो. आधी चहाच्या टपरीवर बोलतो, मग भावकीत बोलतो, आणि भावाशी कधीच बोलत नाही. आणखी एक आज्ञा अनुवादाच्या पुस्तकात आहे. गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्याआधी द्यावी, कारण त्याचा जीव तिच्यात गुंतलेला असतो.

हे सगळे मनात जुळल्यावर मी त्या माळकऱ्यांना म्हणालो, "भाऊ, वही आत्ताच तापीत सोडू नका. आधी मजुरांचे चुकते करा, त्यासाठी घरातले काही मोडावे लागले तरी मोडा. मग भावाच्या घरी एकटे जा, हिशोब घेऊन जा. जमले नाही तर दोघांचा विश्वास असेल असा एक माणूस बसवा. वाटण्या होऊ द्या. तुमच्या वाट्याला जी नावे येतील त्यांच्या दारी स्वतः जा. देऊ शकतो पण देत नाही, त्याच्याकडे पुन्हा पुन्हा मागा. हक्काचे मागण्यात पाप नाही. ज्याच्या घरी खरेच काही उरले नाही, त्याचे नाव त्याच्यादेखत खोडा. ती तुमची इंद्रायणी."

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बुवा, मजुरी देणे जमेल. भावाच्या दारी एकटे जाणे अवघड आहे."

खरे होते ते. नदीत वही टाकायला एक क्षण पुरतो. भावाच्या उंबऱ्यावर पाऊल टाकायला सगळा अहंकार उतरवावा लागतो. पंढरीची वाट शेकडो मैलांची, पण ही दहा घरांची वाट तिच्याहून लांब वाटते.

पुढे कळले की ते गेले. सगळे गोड झाले असे नाही. काही उधारी बुडाली ती बुडालीच, आणि पथारी वेगळी झाली. पण दोघे बोलतात. यंदा आषाढीला एकाच दिंडीत होते, आणि वाटेत एकमेकांच्या पाया पडताना कोणाचीही नजर खाली नव्हती.

माउली, तुमच्याही दुकानात, शेतात, भावकीत अशी एखादी वही असेल. तिच्यातली अर्धी खते कोणाची आहेत, हे आधी पाहा. मग आपल्या अर्ध्याचे काय करायचे ते विठोबाला विचारा.

रामकृष्णहरी.