यंत्र काढणं आणि माणूस सोडणं

'इच्छामरण हवं की नको' यावर वाहिन्यांवर वाद रंगतात, तेव्हा अतिदक्षता विभागाबाहेर संमतीपत्र हातात घेऊन उभ्या असलेल्या मुलीचा प्रश्न त्यात कुठेच नसतो. वडिलांचा दमा जुना, त्यात न्यूमोनिया. ऑक्सिजन उतरत चाललाय. डॉक्टर विचारतात, "व्हेंटिलेटर लावायचा का? लवकर सांगा." काका म्हणतात, "एकदा लावला की काढता येत नाही. बघ बाई."

काकांची ही समजूत मला सर्वांत घातक वाटते. काढता येणार नाही या धास्तीने कधी तो लावलाच जात नाही, आणि काही दिवसांच्या आधाराने कदाचित सावरला असता असा माणूस जातो. किंवा लावला जातो, आणि मग मूत्रपिंडं, यकृत एकेक करून थकलं तरी 'पुरे' म्हणायला कुणाची जीभ रेटत नाही.

समजुतीमागची अडचण खरी आहे. न लावणं अंगाला चिकटत नाही. काढणं आपल्या हातून घडतं. पण यंत्र लावलं होतं ते संसर्ग आटोक्यात येईपर्यंत श्वास टिकवायला. तसं होणार नाही हे कळल्यावरही ते चालू ठेवणं हीसुद्धा आपलीच कृती, रोज सकाळी नव्याने केलेली. मृत्यू येतो तो आजाराने. सर्वोच्च न्यायालयाने अरुणा शानबाग खटल्यात २०११ साली असे उपचार थांबवण्याचं दार किलकिलं केलं. २०१८च्या निकालाने उपचार सुरू न करणं आणि सुरू केलेले थांबवणं, दोन्ही मान्य केलं. २०२३ साली प्रक्रिया सोपी झाली: तीन-तीन डॉक्टरांची दोन मंडळं, शक्यतो ४८ तासांत मत.

अशी मुभा दिली तर पैशापायी नातेवाईक घाई करतील, असं म्हणतात. ती घाई आजही होतेच. बिल पेलेनासं झालं की 'स्वतःच्या जबाबदारीवर' सही करून रुग्णाला घरी नेतात, आणि तो धापा टाकत, मॉर्फिनवाचून मरतो. त्याच्यासाठी कुठलंच मंडळ बसत नाही. 'देवावर सोडा' म्हणणाऱ्यांशी माझा वाद नाही; सही मात्र माणसालाच करावी लागते.

त्या मुलीला विचारता आलं पाहिजे: "तीन दिवस लावून पाहू. काय सुधारलं तर पुढे जायचं, नाही सुधारलं तर काय करायचं, हे आत्ताच ठरवू या का?" मुदत आजाराप्रमाणे बदलेल, मेंदूला मार लागलेल्या तरुणाला तीन दिवस पुरणार नाहीत.

आणि काढायची वेळ आलीच, तर काढणं वेगळं आणि सोडणं वेगळं. नळी काढण्याआधी मॉर्फिन हवं, म्हणजे श्वासासाठी तडफड होत नाही. नंतर ओल्या कापसाने ओठ पुसणं, कूस बदलणं, घरच्यांना वेळेचं बंधन न घालता उशाशी बसू देणं. वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६पासून, वारज्याचं सिप्ला केंद्र १९९७पासून कर्करुग्णांची अशी काळजी घेत आलंय. पण हे शहाणपण बव्हंशी कर्करोगापाशीच अडलं. दमा, हृदय, मूत्रपिंडाने जाणाऱ्याला 'आता करण्यासारखं काही नाही' एवढंच ऐकू येतं, आणि डॉक्टरांची फेरी त्याच्या खाटेपाशी रेंगाळेनाशी होते. सोडणं मी म्हणतो ते याला, आणि व्हेंटिलेटर चालू असलेल्या खाटेवरही ते घडतं.