लेकराचे मन : कोणाची अमानत?

आपले मूल घरी गप्प राहते आणि परक्या माणसाजवळ मन मोकळे करते, तेव्हा ते काय बोलले हे जाणण्याचा हक्क आई-वडिलांना आहे काय? वाचकहो, आपण लगेच ‘होय’ म्हणाल. मीही तेच म्हटले असते.

आमच्या जमातीतील एका गृहस्थांचा अकरा वर्षांचा मुलगा अबोल झाला होता. मी त्यांना रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागातील समुपदेशक बाईंकडे पाठविले. बाई तेथे आठवड्यातून दोनच दुपारी बसतात. कधी मुलाशी, कधी साऱ्या कुटुंबाशी बोलतात. चौथ्या भेटीनंतर वडील म्हणाले, “मौलाना, तो तिथे बोलतो. काय बोलतो, ते तुम्ही विचारा.” मी फोन केला. बाई नम्रपणे म्हणाल्या, “उपचार कसे चालले आहेत, हे मी पालकांना सांगतेच. त्याचे शब्द मात्र त्याचे आहेत.” खरे सांगतो, मला राग आला.

राग निवळल्यावर हजरत अनस (रजि.) आठवले. सहीह मुस्लिममध्ये प्रसंग आहे. अनस मुलांत खेळत असता पैगंबर (स.) यांनी त्यांना एका कामासाठी पाठविले. घरी उशीर झाला. आईने कारण विचारले, तेव्हा ते गुपित असल्याचे त्यांनी सांगितले. हजरत उम्मे सुलैम (रजि.) यांनी खोदून विचारले नाही, उलट ते कोणालाही सांगू नकोस, अशी ताकीद दिली. ते गुपित पैगंबरांचे होते आणि येथे मुलाचे आहे, हा भेद मला मान्य आहे. परंतु लेकराच्या तोंडचे ‘सांगता येत नाही’ ऐकून घेणारी आई आपल्या इतिहासात आहे, हे विसरता येत नाही. सूरह निसामध्ये अमानती त्यांच्या हक्कदारांना सोपविण्याची आज्ञा आहे. विश्वासाने बोललेला शब्द हीही अमानतच.

मग प्रत्येक गुपित राखावे काय? नाही. बैठकीतील बोलणे अमानत ठरविणाऱ्या सुनन अबू दाऊदमधील रिवायतीतच अपवाद आहेत : रक्तपात, अब्रूवर घाला आणि परधनाचे अपहरण. देशाचा कायदाही याच दिशेने जातो. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो. तर पोक्सो कायदा, 2012 नुसार बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळताच ती पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. म्हणून मुलांना हेही शिकवा : कोणी मोठा माणूस, मग तो नातलग असो वा उस्ताद, अंगाला वाईट स्पर्श करून ‘कोणाला सांगू नकोस’ म्हणाला, तर ती अमानत नव्हे, जुलूम आहे, तो सांगितलाच पाहिजे.

मी त्या वडिलांना हे सारे सांगितले. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “मौलाना, तो मला का सांगत नाही?”

वाचकहो, विचारण्याजोगा प्रश्न हाच होता, आणि त्याचे उत्तर बाईंच्या वहीत शोधायचे नव्हते. बाई आठवड्यात दोन दुपारी बसतात. उरलेला सारा वेळ मूल आपल्याजवळ असते. आज रात्री दस्तरखानावर त्याला काही विचारू नका. ते बोलेल तेवढे मात्र रागावल्याविना, मध्ये न तोडता ऐकून घ्या.