मुलांच्या प्रश्नांना घरात जागा



मे २०१४ मध्ये कल्याणचे चार शिकलेले तरुण इराकला गेले आणि ‘आयसिस’ला मिळाले. आपल्या विदर्भात, गडचिरोलीत, कोवळी मुलेमुली नक्षलवाद्यांच्या दलमांत ओढली गेली. ही मुले मुळात वाईट होती का? तसे म्हणता येत नाही. मोठ्या ध्येयासाठी स्वतःला झोकून देण्याची ओढ हा तारुण्याचा चांगुलपणाच आहे. अतिरेकी त्याच ओढीला एक सोपे उत्तर आणि एक शत्रू पुरवतात.

मग मोबाईल हिसकावून भागेल का? पहारा बाहेरून असतो, विवेक आतून. घरात ‘गप्प बस’ ऐकलेले मूल उत्तर शोधायला दुसरीकडे जाते.

१९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षणाचा आग्रह धरला. एकत्र राबणारी मुले शेजारच्याची जात नव्हे, माणूस ओळखू लागतात. शाळांनी एवढे तरी जपावे.

आणि आपण पालकांनी? शेजाऱ्यांविषयी जेवताना आपण जे बोलतो, ते मुले ऐकत असतात. द्वेषाचा पहिला धडा आपल्याच ताटाशी गिरवला जाऊ नये. मुलाच्या अवघड प्रश्नाला उत्तर नसेल, तर ‘आपण मिळून शोधू’ एवढे तरी म्हणूया.