मागितलेलं आणि देणं असलेलं

॥ राम कृष्ण हरी ॥

आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १७, श्लोक १५

मंडळी, आजचा श्लोक वाणीच्या तपाचा आहे. भगवंत त्यात सांगतात ते थोडक्यात असं : आपल्या बोलण्याने समोरच्याच्या मनात खळबळ माजू नये. ते खरं असावं, ऐकायला बरं वाटावं आणि त्यात भलंही असावं. जोडीला स्वाध्याय असावा. एवढं जमलं की ते वाणीचं तप झालं.

आपण हा श्लोक बहुतेक वेळा ‘गोड बोला’ एवढ्यावर संपवतो. पण त्यात गोड आणि खरं हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी आहेत, आणि रोजच्या जगण्यात त्या दोघांचं नेहमी जमतंच असं नाही. कधी कधी खरं बोलायचं म्हणजे ‘हे मला मान्य नाही’ असं म्हणावं लागतं. तेव्हा काय करायचं?

हा प्रश्न भिवंडीहून आलेल्या एका मेसेजमुळे समोर आला. नाव बाजूला ठेवून, त्या मित्राच्या परवानगीने इथे मांडतो.

तो काल्हेरजवळच्या एका गोदामात डिस्पॅचचं काम बघतो. गेल्या वर्षी आईचं ऑपरेशन झालं. खासगी हॉस्पिटलचं बिल एकदम भरण्यासारखं नव्हतं, म्हणून तिथल्याच काउंटरवर एका फायनान्स कंपनीचं कर्ज घेतलं. ₹१,२०,०००, बारा हप्ते, हप्ता ₹११,०००. आठ हप्ते वेळेवर गेले. मग गोदामातलं काम सुटलं, दुसरं मिळेपर्यंत चार महिने गेले आणि शेवटचे चारही हप्ते थकले. हिशोबाने बाकी ₹४४,०००. पण वसुली एजन्सीचा मेसेज आला ₹५८,६५० चा. वरचे ₹१४,६५० कसले, असं विचारल्यावर फोनवर सांगितलं गेलं : हप्ता बाउन्स झाल्याचे प्रत्येकी ₹५९०, म्हणजे ₹२,३६०, दंड आणि दंडावरचं व्याज ₹४,२९०, घरी येण्याचा व्हिजिट चार्ज ₹३,०००, वसुली खर्च ₹५,०००.

त्याला नवीन काम मिळालं होतं. थोडी उसनवारी करून तो सगळे पैसे भरू शकला असता. अडचण वेगळीच होती. एकदा एजंटचा फोन आईने उचलला होता. तेव्हापासून ती एकच म्हणत होती, “देऊन टाक रे बाबा. डॉक्टरांनी जीव वाचवला आपला. कोणाचं देणं डोक्यावर ठेवून मला जायचं नाहीये.”

त्याचा प्रश्न असा होता : “आई म्हणते ते धर्माला धरून आहे का? मी चौदा हजारांसाठी भांडतोय म्हणजे माझी श्रद्धा कमी पडतेय का?”

आईच्या या वाक्यावर हसू नका. आपल्याकडे ऋण हा फार जड शब्द आहे. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण घेऊनच माणूस जन्माला येतो, असं आपण मानतो. या जन्मी न फेडलेलं पुढच्या जन्मी फेडावं लागतं, हे आजीच्या तोंडून कित्येकांनी ऐकलं असेल. कर्ज बुडवू नये ही भीती आपल्या घरांतून आली आहे आणि ती चांगली भीती आहे. ती टिकावी.

पण आईच्या वाक्यात दोन वेगळ्या गोष्टींची गाठ पडली आहे. ती आधी सोडवू या.

डॉक्टरांनी, नर्सनी, रात्रभर सलाईन बघणाऱ्या मावशींनी जे केलं त्याबद्दलची कृतज्ञता ही एक गोष्ट. फायनान्स कंपनीचे हप्ते ही दुसरी. पहिलीचा हिशोब होतच नाही. ती आयुष्यभर मनात ठेवायची आणि जमेल तेव्हा दुसऱ्या कुणाच्या तरी उशाशी बसून फेडायची. दुसरीचा हिशोब पूर्ण होतो, व्हायलाच हवा. व्हिजिट चार्ज भरल्याने डॉक्टरांचे उपकार फिटत नाहीत. ‘जीव वाचवला ना, मग प्रश्न कशाला विचारतोस’ हे वाक्य आई बोलली तर ते प्रेम आहे. तेच वाक्य वसुलीवाला बोलला तर तो तिच्या कृतज्ञतेची पावती फाडतोय.

आता ‘एवढ्याशा पैशासाठी’ या मुद्द्याकडे येऊ. इथे नाथांची गोष्ट आठवते. एकनाथ महाराज देवगिरीला जनार्दनस्वामींच्या सेवेत होते. स्वामींनी त्यांना हिशोबाचं काम दिलं होतं. एका रात्री हिशोबात एक पैची चूक निघाली. नाथ दिव्याशी बसून रात्रभर ती शोधत राहिले आणि सापडली तेव्हा आनंदाने टाळ्या वाजवू लागले. गुरूंनी ते पाहिलं आणि म्हणाले, एका पैच्या चुकीसाठी इतकी तन्मयता, ती परमेश्वराकडे वळली तर काय होईल! कीर्तनात आपण ही गोष्ट एकाग्रतेसाठी ऐकतो. पण तिच्यात आणखी एक गोष्ट आहे. ‘एक पैच तर आहे, सोड’ असं गुरू म्हणाले नाहीत. ती पै कोणाच्या बाजूची होती, कमी होती की जास्त, हेही आपण ऐकतो त्या कथेत येत नाही. हिशोब खरा नव्हता, एवढंच नाथांना पुरेसं होतं.

हा फरक फार मोलाचा आहे. स्वतःचे पैसे वाचवण्यासाठी हिशोब मागणं आणि हिशोब खरा व्हावा म्हणून हिशोब मागणं, बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. आतून ओळखायची एक खूण आहे : आपल्या बाजूची चूक सापडली तर आपण ती तितक्याच उत्साहाने सांगू का?

या मित्राने नेमकं ते केलं. कर्जाचे कागद काढून वाचायला बसला. श्लोकात स्वाध्याय हा शब्द आहे ना, त्याचा अर्थ अर्थातच शास्त्राचं अध्ययन. पण ज्याने सही केलेला कागद कधी वाचला नाही, त्याने खरं बोलायचं तरी कशाच्या आधारावर? कागदात त्याला दिसलं की बाउन्सचे ₹५९० स्पष्ट लिहिलेले आहेत. म्हणजे ₹२,३६० हे त्याचं देणं. फोनवर तो त्यालाही ‘लूट’ म्हणत होता. ते त्याने यादीतून काढून टाकलं. उशिरा भरल्याचा दंडही लिहिलेला होता. दंडावरचं व्याज, व्हिजिट चार्ज आणि वसुली खर्च मात्र कुठेच नव्हता.

इथे थोडी व्यवहाराची माहिती, कारण ती नसली की श्रद्धाळू माणूस घाबरून पैसे देतो आणि त्यालाच त्याग समजतो.

रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ ला सांगितलं आहे की हप्ता चुकला तर दंड आकारता येतो, पण त्या दंडावर पुन्हा व्याज चढवायचं नाही. १५ एप्रिल २०२४ च्या आदेशानुसार, १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या किरकोळ कर्जांना ‘की फॅक्ट स्टेटमेंट’, म्हणजे सगळ्या अटी आणि आकार एका जागी दाखवणारा तक्ता, कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यावा लागतो. त्या तक्त्यात नसलेला आकार कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, नातेवाइकांना गाठून अपमान करायचा नाही, आणि एजंटच्या वागण्याची जबाबदारी कर्ज देणाऱ्या कंपनीचीच. कंपनीकडे लेखी तक्रार करून ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट दाद मागता येते. हॉस्पिटलच्या बिलाबद्दलही महाराष्ट्रात २०२१ च्या नियमांनी रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं बंधनकारक केलं आहे.

हे सगळं नवं वाटेल, पण मुळातला विचार जुना आहे. आपल्या धर्मशास्त्रात दामदुपटीचा नियम आहे : व्याज कितीही साचलं तरी एका वेळी मुद्दलाहून जास्त वसूल करायचं नाही. इंग्रजांच्या काळात मुंबई इलाख्यातली न्यायालयंही तो मानत होती. आजच्या बँका आणि फायनान्स कंपन्यांना तो तसाच लागू होत नाही, पण त्यातलं तत्त्व बघा. ऋण फेडलंच पाहिजे असं सांगणाऱ्या त्याच परंपरेने ऋणाला कुंपणही घातलं. देणेकऱ्याचा धर्म आहे तसा घेणेकऱ्याचाही आहे.

कुंपण मोडतं तेव्हा काय होतं, हेही आपल्या मातीने पाहिलं आहे. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर चालून गेले आणि त्यांनी कर्जरोखे जाळले. पुणे-नगर भागात गावोगावी तेच झालं. ज्या कागदावर आपण अंगठा दिला त्यात काय लिहिलंय हे वाचता येत नव्हतं, विचारायला जागा नव्हती. पुढे १८७९ च्या कायद्याने न्यायाधीशाला रोख्याच्या मागे जाऊन मुळापासूनचा व्यवहार तपासण्याची वाट करून दिली. ज्याला विचारता येत नाही तो शेवटी एकतर मान खाली घालतो, नाहीतर कागद जाळतो. आपल्याला वाचता येतं आणि विचारताही येतं. मग या दोन्हीपैकी काहीच करायची गरज नाही.

“पण तुकोबांनी तर सगळी खतं इंद्रायणीत बुडवली!” कोणीतरी हे म्हणणारच. खरं आहे. पण ते घेणेकरी होते. लोकांकडून येणं होतं, ते त्यांनी सोडलं. देणं बुडवलं नाही. आणि परंपरा सांगते की त्यांनी सगळी खतं बुडवलीही नाहीत. धाकट्या भावाचा, कान्होबांचा अर्धा वाटा त्यांच्या हाती दिला आणि फक्त स्वतःच्या वाट्याची पाण्यात सोडली. मला यातलं हे अर्धं फार थोर वाटतं. वैराग्याच्या त्या क्षणीसुद्धा जे आपलं नाही त्याला तुकोबांनी हात लावला नाही. सोडायचं असेल तर आपलं सोडावं, आणि आपलं किती ते आधी नीट माहीत असावं.

म्हणून त्या मित्राला उत्तर असं : चार हप्ते, बाउन्सचे पैसे आणि कागदात लिहिलेला दंड हे देणं आहे, ते आधी फेड. ‘वाद चालू आहे’ म्हणून ते अडवून ठेवशील, तर खऱ्याच्या आडून खोटं करशील. उरलेल्याबद्दल लेखी विचार. तू तुझे जास्तीचे चौदा हजार कुणाला दान दिलेस तर ते पुण्य आहे. पण भीतीपोटी न लागणारी रक्कम दिलीस तर ते दान नाही, आणि ऋणमुक्तीही नाही. शिवाय तीच यादी उद्या दुसऱ्याच्या आईला वाचून दाखवली जाईल.

त्याने कंपनीला चार ओळींचं पत्र लिहिलं. इतकी रक्कम मला मान्य आहे, ती आज भरली. दंडाचा हिशोब व्याज वगळून द्या, तोही भरतो. हे दोन आकार करारात कुठे आहेत ते दाखवा. खातं पूर्ण झाल्याचं पत्र द्या. एवढंच. शिवी नाही, धमकी नाही, रडगाणं नाही. कंपनीचं उत्तर अजून यायचंय. एजंटचा पुन्हा फोन आला तेव्हा त्याने नाव विचारलं, “दादा, पत्र पाठवलंय, त्याची प्रत तुम्हालाही पाठवतो” म्हणाला. पलीकडचा मुलगाही कुठल्यातरी टार्गेटखाली दबलेला, बहुधा स्वतःचाही एखादा हप्ता चालू असलेला. तोही कुणाचा तरी मुलगा. त्याच्याशी खरं बोलायचं, आणि त्याच्या मनात खळबळ माजेल असं बोलायचं नाही. आजच्या श्लोकाची परीक्षा देवघरात होत नाही, अशा फोनवर होते.

आणि आई? तिला त्याने दोन रकाने काढून दाखवले : आपलं देणं, आणि त्यांचं मागणं. पहिल्या रकान्यातले हप्ते आणि बाउन्सचे पैसे भरल्याची पावती तिच्या हातात दिली. ती बराच वेळ बघत बसली आणि म्हणाली, “म्हणजे दंडाचा तेवढा आकडा आला की आपल्याकडे कोणाचं काही राहत नाही ना?” नाही, आई. राहत नाही.

आजचा अभ्यास : घरातला एक कागद काढा, कर्जाचा, भाड्याचा, क्रेडिट कार्डाचा, कुठलाही. तो शेवटपर्यंत वाचा. आपलं देणं राहिलं असेल तर आज फेडा. न पटणारं काही असेल तर ते चार सौम्य ओळींत लिहून विचारा. आधी पहिलं, मग दुसरं.

आजची प्रार्थना : पांडुरंगा, कोणाचं माझ्याकडे राहू देऊ नकोस. जे माझं देणं नाही ते भीतीने मान्य करायला लावू नकोस. आणि या दोन्ही वेळी माझी वाणी खरी आणि मऊ ठेव.

॥ राम कृष्ण हरी ॥